क्रीममधलं रेशीम, साबणातला गहू

लग्नसराई जवळ आली की बेळगावात गणपत गल्ली आणि खडेबाजारात साड्यांच्या जोडीनं क्रीम, सीरम आणि फेसवॉशचीही खरेदी जोरात असते. अलीकडे त्या डब्यांवर एक शब्द हमखास दिसतो, तो म्हणजे प्रोटीन. सिल्क प्रोटीन, मिल्क प्रोटीन, व्हीट प्रोटीन, कोलॅजन, केराटिन, नावं बरीच आहेत. प्रोटीन अंगाला चांगलं, हे शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेलं. डाळ खा, अंडी खा, ताकद येईल. मग तेच तोंडाला लावलं तर बिघडणार काय?

बहुतेकांचं काहीच बिघडत नाही, हे आधी सांगून टाकलेलं बरं. पण फायदा होतो तो किती, आणि ज्या थोड्यांचं बिघडतं त्यांचं का बिघडतं, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच जागी सापडतात. प्रोटीनचा तुकडा केवढा आहे आणि तो कसल्या कातडीवर पडतोय, ते बघायचं. डबीवर मोठ्या अक्षरांत काय छापलंय, याला त्यापुढे फारशी किंमत नाही.

रेशमापासून सुरुवात करू, कारण ते आपल्या घरचं. शहापूर, वडगाव, खासबाग भागात पिढ्यान्‌पिढ्या माग चालत आलेत. आता बऱ्याच मागांवर कृत्रिम धागाच असतो, पण खरं रेशीम हाताळलेली माणसं अजून भेटतात. कच्च्या रेशमाची लड हातात घेतली तर ती रेशमासारखी लागतच नाही. ताठ, खरबरीत, रंगानं फिकट पिवळसर. साबण-सोड्याच्या पाण्यात उकळली की तिचा चिकटा सुटतो, आणि मग ती मऊ, झुळझुळीत होते. या उकळण्यात वजनाचा जवळपास चौथा हिस्सा पाण्यात जातो. पाण्यात जातं ते सेरिसिन आणि हातात उरतं ते फायब्रोइन. किडा कोष विणतो तेव्हा फायब्रोइनचे दोन बारीक तंतू सेरिसिनच्या चिकानं एकमेकांना चिकटवतो. दोन्ही प्रोटीनच, पण स्वभाव वेगळे. फायब्रोइन पाण्याला दाद देत नाही, सेरिसिन पाणी धरून ठेवतं.

हे उकळलेलं पाणी एरवी सांडपाणीच. त्यातलं सेरिसिन गाळून, वाळवून प्रसाधनांच्या कंपन्यांना विकता येतं, हे उद्योगाच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. ते त्वचेला का मानवतं याचं कारण मात्र पटण्यासारखं आहे. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांब माळ, आणि सेरिसिनचा साधारण तिसरा हिस्सा सेरीन नावाच्या अमिनो आम्लाचा असतो. आपली कातडी ओलावा धरून ठेवण्यासाठी जी अमिनो आम्लं स्वतः बनवते, त्यांतही सेरीनचाच वाटा मोठा. त्वचेत फिलॅग्रिन नावाचं एक प्रोटीन असतं. वरच्या थरात पोचल्यावर ते तुटतं, आणि त्याच्या बारीक तुकड्यांना पाणी धरून राहतं. म्हणजे प्रोटीन फोडून ओलावा टिकवण्याचा उद्योग शरीर आधीपासूनच करतंय. कंपनी तेच बाहेरून करू बघते.

अख्खं प्रोटीन क्रीममध्ये घालणं अवघड जातं. ते पाण्यात नीट विरघळत नाही, गुठळ्या होतात. म्हणून आम्ल, अल्कली किंवा एन्झाइम वापरून त्याची लांब साखळी तोडतात. लेबलवर ‘हायड्रोलाइज्ड’ असं लिहिलेलं असतं ते यासाठीच. हायड्रोलाइज्ड सिल्क म्हणजे तोडलेलं रेशीम, हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन म्हणजे तोडलेलं गव्हाचं प्रोटीन. किती बारीक तोडलंय, ते मात्र त्या शब्दावरून कळत नाही. पुढची सगळी भानगड इथेच आहे.

थोडे आकडे बघू. रेणूचं वजन डाल्टनमध्ये सांगतात. पाण्याचा रेणू १८ डाल्टनचा. एक अमिनो आम्ल सरासरी ११० च्या आसपास. कोलॅजनचा अख्खा रेणू तब्बल ३ लाख डाल्टनचा, आणि फायब्रोइनची मोठी साखळी त्याहूनही जड. आता कातडीकडे या. तिचा सगळ्यांत वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो आणि त्यांच्या मधल्या फटी चरबीनं बुजवलेल्या असतात. जाडी बघायला गेलं तर मिलिमीटरचा पन्नासावा भाग, कधी त्याहूनही कमी. एवढासा थर, पण पक्का. नेदरलँड्समधल्या बॉस आणि मायनार्डी या दोन संशोधकांनी २००० साली एक ठोकताळा मांडला, की धडधाकट कातडीतून साधारण ५०० डाल्टनच्या वरचा रेणू आत शिरत नाही. अपवाद आहेत, पण ढोबळ मानानं तो आजही धरला जातो.

म्हणजे कोलॅजनचं क्रीम लावून चेहऱ्यातलं कोलॅजन भरून निघेल, असं समजणं म्हणजे कुलपाच्या भोकातून अख्खा ऊस घालायला निघणं. तो वरच राहणार. तोडलेलं कोलॅजनही बहुतेक वेळा ५०० च्या बरंच वर असतं. ‘पेप्टाइड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही सीरममध्ये मुद्दाम चार-पाच अमिनो आम्लांचेच तुकडे घेतात आणि त्यांना चरबीचं शेपूट जोडतात, म्हणजे आत सरकायला थोडी मदत होते. त्यातल्या काहींनी बारीक सुरकुत्या थोड्या कमी झाल्याचे अभ्यास आहेत. थोड्या म्हणजे थोड्याच. डबीवरच्या आधी-नंतरच्या फोटोंइतक्या नव्हेत.

मग हे सगळं फसवणूकच का? नाही. वर राहणं हेही एक काम आहे. तोडलेलं प्रोटीन कातडीवर एक पातळ पापुद्रा धरतं, पाणी उडून जायला अटकाव करतं, आणि हात फिरवल्यावर मऊ लागतं. केसांवर तर ते जास्त उपयोगी. रंगवून, इस्त्री करून खराब झालेल्या केसाला ते बरं चिकटतं आणि केस कमी तुटतो. कातडीवरचा परिणाम धुतलं की जातो, पुन्हा लावलं की येतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या गार वाऱ्यात गाल फुटतात, तेव्हा असं क्रीम नक्की बरं वाटेल. पण माझं मत विचाराल तर त्यातलं निम्म्याहून जास्त काम ग्लिसरीनचं असतं. लेबल वाचलंत तर ते वरच्या चार-पाच नावांत सापडेल, आणि सिल्क पार खाली, सुगंधाच्या शेजारी.

खाली असण्याला अर्थ आहे. आपल्या देशातल्या २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे घटकांची नावं जास्त प्रमाणापासून कमी प्रमाणाकडे लिहायची असतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कुठल्याही क्रमानं लिहिले तरी चालतात. तेव्हा डबीवर रेशमाच्या कोषाचं केवढंही चित्र असलं तरी आत त्याचा अंश चिमूटभर असू शकतो. त्यात बेकायदा काही नाही.

आता सुरक्षिततेचं. इथे चिमूटभर असणंही पुरेसं ठरतं, हे जपानमधल्या एका साबणानं दाखवून दिलं.

‘चा नो शिझुकू’ नावाचा चहाच्या अर्काचा तोंड धुण्याचा साबण तिथे २००४ पासून टपालानं आणि दुकानांतून विकला जायचा. भरपूर फेस, मऊ हात, जाहिराती जोरात. लाखो घरांत तो पोचला. त्यात ‘ग्लुपर्ल १९एस’ नावाचं हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन होतं, तेही जेमतेम ०.३ टक्के. काही महिने, काही वर्षं वापरल्यावर त्यांतल्या काही बायकांना विचित्र त्रास सुरू झाला. पाव किंवा नूडल्स खाल्ल्या की पापण्या सुजायच्या, अंगावर गांधी उठायच्या. खाऊन लगेच चालायला किंवा कामाला लागलं तर दम लागायचा, कुणाला चक्कर येऊन रक्तदाब खाली जायचा. याच बायका जन्मभर गहू खात आल्या होत्या आणि तोवर कधी काही झालेलं नव्हतं. २०११ मध्ये साबण बाजारातून परत मागवला गेला. जपानी ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं खास समिती नेमून नोंद ठेवली आणि रुग्णांचा आकडा २ हजारांच्या वर गेला.

असं का झालं, हे नंतर उलगडलं. ग्लुटेन हे गव्हातलं प्रोटीन आम्लात तापवून तोडलं होतं, पण पुरतं नाही. तुकडे सरासरी ४० ते ५० हजार डाल्टनचे राहिले होते. आम्लात तापवल्यानं त्यातल्या ग्लुटामिन या अमिनो आम्लाचं ग्लुटामिक आम्लात रूपांतर झालं, म्हणजे शरीरानं आधी कधी न पाहिलेला चेहरा तयार झाला. त्यात साबण. साबण कातडीतली चरबी काढून फटी मोकळ्या करतो, शिवाय फेस रोज डोळ्यांत आणि नाकात जातो, जिथे कातडीचं ते पक्कं कवच नसतंच. शरीराच्या पहारेकऱ्यांनी त्या तुकड्याला शत्रू म्हणून ओळखून ठेवलं. पुढे ताटातला साधा गहू आला तरी त्यांना तोच शत्रू दिसू लागला. साबण सोडल्यावर अनेकांची ॲलर्जी पुढच्या काही वर्षांत ओसरत गेली, हा त्यातला दिलासा.

आपल्याकडे कल्पना करा. सकाळी चपाती, दुपारी चपाती, कुणाकडे गेलं तर उप्पीट नाहीतर शिरा. गव्हाचीच ॲलर्जी जडली तर ज्वारीची भाकरी आहे म्हणा, पण बेकरीच्या दारात जायचं नाही आणि लग्नात जेवायला बसायचीच भीती.

या प्रकरणानंतर तुकड्याच्या आकारावर मर्यादा आली. युरोपात २०१७ च्या नियमानुसार प्रसाधनात वापरायच्या हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीनचं सरासरी वजन ३,५०० डाल्टनच्या वर असता कामा नये. अमेरिकेतल्या प्रसाधन-घटक तपासणाऱ्या तज्ज्ञ मंडळानंही हाच आकडा धरलाय. ३,५०० म्हणजे साधारण ३० अमिनो आम्लं. हाच आकडा का? ॲलर्जीचा स्फोट व्हायला त्या तुकड्यानं पेशीवरच्या दोन प्रतिपिंडांना, म्हणजे त्या पहारेकऱ्यांपैकी दोघांना, एकाच वेळी पकडावं लागतं. तुकडा त्याहून लहान असला तर दोघांना एकदम पकडण्याइतकी लांबी त्याच्यात उरत नाही. म्हणून बारीक तोडलेलं गव्हाचं प्रोटीन सुरक्षित आणि अर्धवट तोडलेलं धोक्याचं. दोन्हींचं लेबल अक्षरशः सारखं.

रेशमाचं काय? बाजारातल्या रेशमाच्या घटकांबद्दल त्याच अमेरिकन मंडळाचं मत अनुकूल आहे. फायब्रोइन तर शांत स्वभावाचं. टाके घालायला रेशमी दोरा डॉक्टर पूर्वापार वापरत आलेत, तोही चिकटा काढून. सेरिसिननं मात्र काहींना त्रास होतो, आणि तो क्रीमपेक्षा हवेतून जास्त. रेशीम काढण्याच्या कारखान्यांतल्या कामगारांमधला दमा कर्नाटकातल्या संशोधकांनी १९८५ सालीच नोंदवून ठेवलाय. तेव्हा घरात कुणाला रेशमाच्या कामानं शिंका, खोकला, डोळ्यांना खाज येत असेल, तर त्या माणसानं सेरिसिनचं सीरम विकत घेऊ नये. साधी गोष्ट आहे, पण दुकानात ती कुणी सांगत नाही.

माझ्या मते सगळ्यांत कमी बोललं जातं ते घरच्या लेपांबद्दल. बाजारातलं ते केमिकल, घरातलं ते निर्धोक, असा आपला पक्का समज. पण बेसन, दूध, साय, बदाम, अंड्याचा पांढरा ही सगळी न तोडलेली, अख्खी प्रोटीनं. धडधाकट कातडीवर अख्खं असणं फायद्याचंच ठरतं, कारण ते आत शिरत नाही. प्रश्न येतो तो फुटलेल्या कातडीचा. बाळंतिणीच्या खोलीतलं चित्र आठवा. न्हाऊ घालणारी मावशी पाटावर पाय पसरून बसते, बाळाला पालथं पायांवर घेते, आणि लव जावी म्हणून डाळीच्या पिठाचा गोळा पाठीवर, कपाळावर फिरवत राहते. बाळ लालबुंद होऊन रडतं. आजी म्हणते, “रडू दे गं, छाती मोकळी होत्या.” ज्या बाळाची कातडी चांगली आहे, त्याला बहुतेक वेळा काही होत नाही. पण गालांवर, कोपरांच्या वळीत लाल खरबरीत चट्टे येणारी बाळंही असतात, ज्याला डॉक्टर एक्झिमा म्हणतात. त्यांच्यात कित्येकदा फिलॅग्रिनच कमी असतं. कवच आधीच गळकं, त्यावर पीठ घासायचं आणि अन्नातलं प्रोटीन आत ढकलायचं.

याला आधार आहे. २००३ साली ब्रिटनमध्ये गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांचा मागोवा घेतला. त्यांना दिसलं की यांतल्या बऱ्याच मुलांच्या चट्ट्यांवर लहानपणी शेंगदाणा तेल असलेलं मलम लावलं जात होतं. ऑस्ट्रेलियातही शेळीच्या दुधाचा साबण नि क्रीम चट्ट्यांवर लावणाऱ्यांना पुढे शेळीचं दूध-चीज खाल्ल्यावर जोराची ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत. आता साधारण असं मानलं जातं, की अन्नाशी पहिली ओळख तोंडातून झाली तर शरीर त्याला आपलं म्हणतं आणि फुटलेल्या कातडीतून झाली तर परकं. शेळीच्या दुधाचा ‘घरगुती’ साबण हल्ली प्रदर्शनांतून बराच खपतो. मोठ्यांनी हौसेनं वापरावा. चट्टे असलेल्या बाळाला नको. त्याला साधं, बिनवासाचं, खाण्याच्या पदार्थाशी नातं नसलेलं मलम बरं.

आणखी एक. प्रोटीन म्हणजे जंतूंनाही खाऊच. म्हणून प्रोटीन असलेल्या क्रीमला चांगलं प्रिझर्व्हेटिव्ह लागतं. ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह, शंभर टक्के नॅचरल’ म्हणून कुणी दुधाचं क्रीम डबीत भरून देत असेल, तर पावसाळ्यात खानापूरच्या हवेत ते किती दिवस टिकेल याचा विचार करा.

पार्लरमधल्या ‘केराटिन ट्रीटमेंट’ची गोष्ट मात्र वेगळीच. तिथे केराटिन नावाला असतं, केस सरळ करण्याचं काम दुसरंच रसायन करतं. काही द्रावणांत फॉर्मल्डिहाइड असतं किंवा तापवल्यावर सुटतं. इस्त्री फिरवताना डोळे चुरचुरतात, नाक जळतं, ते त्यामुळे. ते कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे आणि जास्त धोका रोज तो धूर घेणाऱ्या पार्लरमधल्या मुलींना. त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल वापरतात, तर त्यानं मूत्रपिंडाला इजा झाल्याचं प्रकरण २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आलंय. लग्नाच्या आदल्या आठवड्यात हे करायला निघालेल्या मुलीला कुणी सांगत असेल, तर एवढंच सांगावं की प्रोटीन आहे म्हणून निर्धास्त होऊ नको.

चिक्कोडी-निपाणीकडच्या जैन घरांतून एक प्रश्न हमखास येतो, की हे आपल्याला चालतं का? कोलॅजन मासे, गुरं किंवा डुकराच्या कातडी-हाडांतून येतं. केराटिन लोकरीतून, पिसांतून. रेशमासाठी कोषातला किडा बहुधा मरतोच. गहू, सोया, ओट यांची प्रोटीनं वनस्पतींची. यीस्टकडून बनवून घेतलेलं कोलॅजनही आता मिळतं, पण पॅकवर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच धरावं.

नावं ओळखायची तर यादीत ट्रिटिकम व्हल्गेर म्हणजे गहू, ॲव्हेना सटायव्हा म्हणजे ओट, लॅक्टिस प्रोटिनम म्हणजे दुधाचं प्रोटीन, प्रुनस ॲमिग्डॅलस डल्सिस म्हणजे बदाम. ज्याला या पदार्थाची खाण्यातली ॲलर्जी आहे त्यानं ते नाव दिसलं की डबी खाली ठेवावी. लहान पॅकवर यादी न छापण्याची कायद्यानं सूट असल्यानं सॅशेवर ती मिळायची नाही. पण बॅच नंबर, मुदत, बनवणाऱ्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक, आणि परदेशी माल असेल तर आयात नोंदणीचा क्रमांक, हे पाहिजेच. ते नसलेला माल गोव्याहून आणलेला असो की कुणी ऑनलाइन स्वस्तात दिलेला, तोंडाला लावायचा नाही.

नवीन क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडा-दहा दिवस लावून बघा. लाल झालं, खाज आली तर सोडून द्या. यानं बरेच त्रास आधी पकडले जातात, विशेषतः सुगंधाचे आणि प्रिझर्व्हेटिव्हचे. खरं तर चेहऱ्याला होणाऱ्या ॲलर्जीत यांचाच वाटा प्रोटीनपेक्षा कितीतरी मोठा. मात्र जपानमधल्या त्या बायकांना ही चाचणी वाचवू शकली नसती, कारण त्यांची ॲलर्जी महिनोन्‌महिने वापरल्यावर तयार झाली.

म्हणून नंतरचं लक्ष ठेवणं महत्त्वाचं, आणि तिथेच आपली गफलत होते. आपल्याकडे गांधी उठल्या की ‘पित्त उठलं’ म्हणून आमसुलाचं पाणी अंगाला चोळतात, एखादी गोळी घेतात आणि विसरून जातात. एखाद वेळी ठीक. पण तेच पुन्हा पुन्हा होत असेल, त्यातही पापण्या-ओठ सुजत असतील, किंवा ठरावीक पदार्थ खाऊन कामाला लागल्यावरच होत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन खाण्याबरोबर साबण, क्रीम, शाम्पू सगळ्यांची नावं सांगा. रिकामी डबीही टाकू नका, घेऊन जा. दम लागला, आवाज बसला, चक्कर आली तर आमसूल नाही आणि वाट बघणंही नाही. १०८ ला फोन करायचा, माणसाला आडवं झोपवून पाय वर ठेवायचे, श्वास लागत असेल तर बसतं ठेवायचं, आणि जवळच्या दवाखान्यात ॲड्रेनलिनचं इंजेक्शन मिळेपर्यंत त्याला उठून चालू द्यायचं नाही.